चार कार्बनची वाट आणि विसरलेला कार्पिलोव्ह

वडीगोद्रीच्या शिवारात ऊस आणि कापूस शेजारी वाढतात. पण हवेतला कार्बन धरण्याची दोघांची रीत निराळी. हे उमगायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कॅल्विन, बेन्सन व बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून हिरव्या शैवालात शोधलेले चक्रच तोवर सर्व वनस्पतींना लागू मानले जाई. त्यात पहिला पदार्थ तीन कार्बनचा. कॅल्विन यांना १९६१चे नोबेलही मिळाले.

हवाईतील ऊसमळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कॉर्टशाक यांना मात्र उसाच्या पानात आधी चार कार्बनची आम्ले सापडली. लेख आला १९६५ साली. १९६६पासून ब्रिस्बेनमधील साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच व स्लॅक यांनी पुढची वाट उलगडली. पानाच्या बाहेरच्या पेशी कार्बन आम्लरूपात धरतात. शिरांभोवतीच्या पेशींत तो मोकळा होतो आणि तिथे कॅल्विन यांचेच चक्र साखर घडवते. त्यामुळे कडक उन्हातही धरलेला कार्बन फारसा वाया जात नाही. ज्वारी-बाजरीही याच वाटेच्या.

पाठ्यपुस्तकांत नाव उरले हॅच-स्लॅक यांचे. कझानच्या युरी कार्पिलोव्ह यांनी मक्यात हेच १९६० साली नोंदवले होते, पण रशियनमध्ये. पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी त्याची दखल उशिरा घेतली. हा अन्यायच.