विसराळू खिडकी

वसईच्या पूर्वेस गोखिवरे म्हणून गांव आहे. कारखान्यांच्या गाळ्यांनीं आतां तें गजबजलेलें आहे. तेथील एखाद्या बिऱ्हाडांत सकाळीं दहाच्या ठोक्यास सारीं माणसें लहानशा पडद्याभोंवतीं जमलेलीं दिसतील. वातानुकूलित डब्याचें तत्काल तिकीट त्याच क्षणीं खुलें होतें. नांवें लिहून होतात न होतात तोंच कधीं कधीं ‘मुदत संपली, पुन्हां प्रवेश करा’ असें उत्तर येतें. या निरोपामागें मोठा इतिहास आहे.

स्टेशनावरील खिडकीशीं आपण उभे असतों तोंवर बाबूला आपला चेहरा दिसत असतो. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ च्या सुमारास जगापुढें मांडलेल्या वेबची खिडकी मात्र जन्मतःच विसराळू. पान मागितलें, तें दिलें, ओळख संपली! दुसरें पान मागणारा तोच गृहस्थ तिला सर्वस्वी परका. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं यावर तोड काढली. सामानघरांत पेटी ठेवल्यावर मिळतो तसा एक बिल्ला ग्राहकाच्या यंत्रास द्यावयाचा, आणि त्यानें तो प्रत्येक मागणीबरोबर दाखवावयाचा. हीच ‘कुकी’.

पेटी सांभाळावी लागते ती सर्व्हरला. १९९७ मध्यें जावा भाषेचीं सर्व्हलेटें आलीं, तेव्हां प्रत्येक पाहुण्यामागें ‘सेशन’ नांवाची अशी पेटी यंत्राच्या स्मृतींत उघडण्याची सोय तयारच मिळाली. परंतु वेबवरील पाहुणा जातांना ‘येतों’ म्हणून सांगत नाहीं. तो जातो, पेटी राहते. जावांत निरुपयोगी स्मृति झाडून काढणारा एक झाडूवाला असतो खरा. पण जिची नोंद वहींत आहे त्या पेटीला तो केर मानीत नाहीं. म्हणून मुदत ठरवावी लागते. टॉमकॅट या प्रसिद्ध सर्व्हरांत ती मुळांत ३० मिनिटांची आहे. पेटी १०० किलोबाइटांची धरली, तर १,२०,००० माणसांस १२ गिगाबाइट स्मृति लागते. आणि स्मृति तुडुंब भरली म्हणजे झाडूवाला साऱ्यांना जागच्या जागीं थांबवून केर काढूं लागतो. दहा वाजतां असें थांबणें किती महागांत पडेल, हें त्या बिऱ्हाडासच विचारावें.

हा आंकडा मीं हवेंतून घेतलेला नाहीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा अस्तित्वांत आला, आणि बाराच दिवसांनीं, १३ ऑगस्टला, रेल्वेनें आपल्या ‘क्रिस’ संस्थेनें उभारलेली नवी ई-तिकीट व्यवस्था खुली केली. जुन्या व्यवस्थेंत एका वेळीं ४०,००० माणसें सामावत व मिनिटास २,००० तिकिटें निघत. नवीची क्षमता १,२०,००० माणसें व ७,२०० तिकिटें अशी सांगण्यांत आली. तिच्यांत जेमफायर नांवाची, जावांत लिहिलेली प्रणाली योजिली होती. अशी प्रणाली आठवण एकाच यंत्राच्या डोक्यांत न ठेवतां अनेक यंत्रांच्या स्मृतींत वांटून, प्रतीसह ठेवते. सेशनही तींत ठेवतां येतें. मग एक यंत्र बंद पडलें तरी दुसरें तो बिल्ला ओळखतें.

डब्यांतील बाकें अर्थातच तेवढींच राहिलीं. मुदतीचा तंटाही मिटला नाहीं. ती लांबविली तर उठून गेलेल्यांच्या पेट्या जागा अडवितात. आंखडली तर सावकाश अक्षरें शोधणारा वृद्ध बाहेर पडतो. माझा कल आंखूड मुदतीकडे आहे, मात्र लिहिलेलें वायां जातां कामा नये. प्रवाशांचीं नांवें व वयें आधींच नोंदवून ठेवण्याची सोय रेल्वेच्या संकेतस्थळावर आहे. ती यादी सेशनांत नव्हे, कायमच्या नोंदींत राहते. तिचा उपयोग केला, तर पुन्हां प्रवेश करावा लागूनही त्या बिऱ्हाडास चार जणांचीं नांवें नव्यानें लिहावीं लागत नाहींत.