बुरूड राजाचा कोट

वसईच्या उत्तरेस सोपारा हें प्राचीन बंदर आहे. भिवंडीकडील मंडळींस तें नालासोपारा या नांवानें परिचित आहे. तेथील एका मोठ्या टेंकाडास गांवकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्या या राजाची वंशावळ कोणासच ठाऊक नव्हती. दंतकथा मात्र जिवंत होती. इ. स. १८८२ च्या एप्रिलांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें टेंकाड खणविलें, तेव्हां कोटाऐवजीं बौद्धांचा विटांचा स्तूप निघाला.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ सालीं जुनागड येथें झाला. गिरनारच्या वाटेवरील अशोकाच्या शिलेचीं अक्षरें लावण्यास त्यांनीं लहान वयांतच आरंभ केला. विद्यापीठाची पदवी त्यांस नव्हती. इंग्रजीचें ज्ञानही बेताचेंच. निबंध ते गुजराथींत लिहीत व डॉ. ब्यूलर यांच्यासारखे विद्वान् त्यांचें भाषांतर करीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या पदरीं राहून लेणीं, तीर्थें व मोडकीं देवळें त्यांनीं पायाखालीं घातलीं. त्यांनीं उतरून आणलेल्या लेखांवर डॉक्टरांचे कित्येक निबंध उभे आहेत, हें विसरून चालणार नाहीं.

सोपाऱ्याच्या स्तूपाच्या गाभ्यांत दगडी पेटी होती. तींत तांब्याचा करंडा, आणि त्याच्याभोंवतीं आठ लहान मूर्ती मांडलेल्या: होऊन गेलेले सात बुद्ध व पुढें होणारा मैत्रेय. तांब्याच्या करंड्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा आणि सर्वांच्या आंत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यांत काय असावें? रत्नें नव्हेत, मातीच्या भांड्याचे १३ इवलेसे तुकडे! हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजिलेले अवशेष होत, असा पंडितांचा अभिप्राय पडला. बरोबर सांपडलेलें यज्ञश्री सातकर्णीचें रुप्याचें नाणें दुसऱ्या शतकाकडे बोट दाखवी; मूर्ती तर कित्येक शतकें मागाहूनच्या. अर्थात् स्तूप मध्यंतरीं कोणी भाविकांनीं उघडून पुन्हां मिटला असला पाहिजे.

त्याच वर्षीं तेथील भातेला तळ्याजवळ त्यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मृगयेसाठीं विहारयात्रा करीत. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षीं संबोधीस गेला व धर्मयात्रा सुरू झाली, असा त्या लेखाचा आशय आहे.

लायडन विद्यापीठानें १८८४ सालीं या पदवीहीन पंडितास डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. १६ मार्च १८८८ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, ते निवर्तले. सोपाऱ्याचे करंडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे राहिले. त्यांच्या संग्रहांतील मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांत गेला.