बसक्या घरातला दिवा

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात शिरताना उंच माणसाला वाकावे लागते. सातपुड्यातल्या कुडाच्या घरांचे उतरते छप्परही कडेला डोक्याशी येते. अशा घरात दिवा टांगायचा कोठे, हा प्रश्न विजेच्या आधीपासूनचा आहे.

कंदील तुळईला टांगला तर लाकूड काजळते. छप्पर गवताचे असेल तर आगीची धास्ती. म्हणून चिमणी कोनाड्यात जाई आणि अर्धे घर अंधारात राही. शिवाय काजळलेले छत प्रकाश गिळते, चुना दिलेले तो परत फेकते. (बॅटरीचा झोत काळ्या व पांढऱ्या कागदावर टाकून हे वर्गात सहज दाखवता येते.)

मग विजेचा गोळा आला. त्याच्या ऊर्जेतला जेमतेम विसावा भाग प्रकाश होतो, बाकी सारी उष्णता. आणि बसक्या घरात लोंबता गोळा नेमका डोळ्यांसमोर येऊन दिपवतो. १९३८ पासून बाजारात आलेल्या ट्यूबलाइटचा प्रकाश चार फुटांवर पसरलेला असल्याने ती छताला चिकटवली तरी डोळ्यांना कमी खुपते. आमच्या मते बसक्या घराला सोसणारा पहिला विजेचा दिवा हाच.

पण नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात निवड डोळ्यांच्या सोयीने होणे शक्य नव्हते. धडगाव तालुक्यातल्या या गावी उदई नदीवर २००३ मध्ये १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळचे तरुण अभियंते, नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून. घरे सुमारे ३००. भागाकार करा: घरटी ५० वॅट. ४० वॅटची एक ट्यूब आणि तिचा चोक एवढ्यातच वाटा संपला!

२००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याने तो प्रकल्प बुडाला.

आज ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या गोळ्याइतका उजेड देतो. त्याच्या पांढऱ्या प्रकाशासाठी आधी निळा एलईडी साधावा लागला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. धुरकट झाकणाचा, छताला चपटा बसणारा असा दिवा धाब्याखाली उत्तम. बिलगावच्या त्याच ५० वॅटमध्ये असे पाच दिवे लागले असते.