समशेरपूरचे दाजी जोशी आणि १९१० चा निकाल

नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत समशेरपूर नांवाचें गांव आहे. तेथील वामन ऊर्फ दाजी नारायण जोशी यांना १९१० सालीं मुंबई हायकोर्टानें जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. खटला होता नासिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाचा, आणि दाजींच्या बरोबर पिंजऱ्यांत उभे असलेले बरेचसे आरोपी विशीच्या आसपासचे होते.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं नासिकच्या विजयानंद नाटकगृहांत जॅक्सनसाहेबांच्या निरोपाप्रीत्यर्थ ‘शारदा’ नाटक होतें. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षीं जन्मठेप झाल्याचा संताप नासिकच्या तरुणांत धुमसत होता. औरंगाबादेस शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यानें नाटकगृहांतच साहेबांवर गोळ्या झाडल्या. कर्वे व देशपांडे हे दोघे पाठराखणीस तेथेंच हजर होते.

१९०८ च्या खास कायद्यान्वयें हायकोर्टाचे तीन न्यायाधीश बसले. ज्यूरी नाहीं, वर अपील नाहीं. २९ मार्च १९१० रोजीं निकाल झाला. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांस फांशी. सोमण, वैद्य व दाजी जोशी यांस जन्मठेप. दत्तात्रय जोशी यांस दोन वर्षें सक्तमजुरी. एकवीस दिवसांनीं, १९ एप्रिल रोजीं, ठाण्याच्या तुरुंगांत तिघांना फांशी देण्यांत आलें. दाजींची वाट अंदमानाकडे वळली.

एकाच कटांत ही तफावत कां? खुनास साह्य करणारा गुन्ह्याच्या जागीं नसला तरी त्यास खुनाचीच शिक्षा देण्याची मुभा पिनल कोडानें दिलेली होती. तेव्हां फांशी कीं जन्मठेप, हें ठरविणें न्यायाधीशांच्या हातीं होतें. परंतु तो हातही पुरता मोकळा नव्हता. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत असें कलम होतें कीं, फांशीस पात्र अशा गुन्ह्यांत दुसरी शिक्षा दिली तर तिचीं कारणें निकालांत नमूद करावींत. फांशी हा नियम. सवलतीला मात्र सबब हवी! हें कलम १९५५ सालीं गेलें. १९७३ च्या कायद्यानें तर पारडें उलटें फिरविलें आणि फांशीसाठींच खास कारणें मागितलीं.

वयाची दखल कायदा घेत नसे असें नाहीं. सात वर्षांखालील मुलाचें कृत्य गुन्हाच नव्हे. सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहावयाची. पंधरा वर्षांखालील मुलास तुरुंगाऐवजीं सुधारशाळेंत धाडतां येत असे. पंधरा ओलांडली कीं मिसरूड न फुटलेला पोर आणि चाळिशीचा गृहस्थ कायद्याच्या लेखीं एकच. इंग्लंडांत मात्र १९०८ सालींच सोळा वर्षांखालील मुलांची फांशी बंद झाली होती.

कान्हेऱ्याची जन्मतारीख बहुधा ७ जानेवारी १८९२ अशी देतात. १८९१ साल मानणारेही आहेत. पहिली तारीख खरी धरली, तर गोळ्या झाडल्या त्या रात्रीं त्यास अठरा वर्षें पुरीं होण्यास सतरा दिवस उणे होते. त्या काळीं ह्या सतरा दिवसांस कायद्यांत कांहींच किंमत नव्हती. आज तेवढ्यावर माणसाचा गळा वाचतो. २००० च्या बालन्याय कायद्यानें मुलगा असो वा मुलगी, अठरा ही मर्यादा घातली. २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणांत सतरा वर्षांच्या आरोपीस सुधारगृहांत तीन वर्षांहून अधिक ठेवतां येईना. लोक क्षुब्ध झाले, आणि २०१५ च्या कायद्यानें सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठीं प्रौढाप्रमाणें खटला भरण्याची वाट उघडली. फांशी मात्र त्यासही देतां येत नाहीं. ही तडजोड कोणासच पुरती रुचलेली नाहीं. मारल्या गेलेल्याच्या घरीं गुन्हेगाराच्या वयाचा दाखला काय सांत्वन करणार?

पण तो दाखला वेळेवर न पाहिल्यानें काय होतें, हेंही महाराष्ट्रानें पाहिलें आहे. पुण्यांतील १९९४ च्या एका हत्याकांडांत एकास फांशीची शिक्षा झाली होती. गुन्ह्याच्या वेळीं तो अवघा बारा वर्षांचा होता, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं मान्य करून त्यास सोडलें. तोंवर त्याचीं अठ्ठावीस वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं.