रोशाचें तेल आणि गंधशास्त्राच्या पोथ्या

सुगंधी द्रव्यांच्या इतिहासाविषयीं आपल्याकडे जें लेखन झालें आहे, तें बहुतेक ग्रंथांच्या आधारें झालेलें आहे. पोथी मिळाली, तिचा काळ ठरला, तींतील द्रव्यांची यादी लागली, कीं विषय संपला असा समज रूढ झालेला दिसतो. प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें तें असें कीं, महाराष्ट्रांत आपोआप उगवणाऱ्या ज्या एका गवताच्या तेलानें समुद्रापलीकडचे बाजार गांठले व तेथें दुसऱ्याच्या नांवावर मान मिळविला, त्याचा इतिहास या पोथ्यांत नाहीं. तो दुसऱ्या जातीच्या कागदांत शोधला पाहिजे. हें गवत म्हणजे रोशा होय.

प्रथम पोथ्यांची बाजू पाहूं. कारण ती दुबळी मुळींच नाहीं. शिरोळसारख्या एकाच लहान मुलखावरून ज्या राजवटी गेल्या, त्यांचा नुसता हिशेब केला तरी हें ध्यानांत येईल. खिद्रापूरचें कोपेश्वराचें देऊळ याच तालुक्यांत असून तेथें यादव सिंघणाचा इ. स. १२१३ चा शिलालेख आहे. यादवांपूर्वीं हा प्रांत कोल्हापूरच्या शिलाहारांकडे होता व ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. त्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास रचला, आणि त्यांत राजाच्या स्नानाची, उटण्यांची व धूपाची प्रकरणें विस्तारानें घातलीं. पुढें हा मुलूख आदिलशाहींत मोडूं लागला. त्या दरबारीं दुसऱ्या इब्राहीमच्या कारकीर्दींत (इ. स. १५८० ते १६२७) इत्र-इ-नौरसशाही हा अत्तरांवरचा स्वतंत्र फारसी ग्रंथ तयार झाला. म्हणजे एकाच भूमीवर अधिकार गाजविणाऱ्या दोन दरबारांनीं, एकानें संस्कृतांत व दुसऱ्यानें फारसींत, गंधविद्येची नोंद करून ठेविली आहे.

मराठीचा वांटाहि यांत आहे, आणि तो आपल्या वाचकांस विशेष प्रिय वाटावा असा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संग्रहांतील एका हस्तलिखितांत गंगाधराचा गंधसार व अज्ञात कर्त्याचा गंधवाद हे दोन ग्रंथ आहेत. पैकीं गंधवादावर मराठी टीका आहे. मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ सालीं या ग्रंथांवर लेख लिहून ते प्रथम विद्वानांच्या नजरेस आणले, व मराठी टीकेसह गंधवादाचा काळ स्थूलमानानें इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला. पुढें १९८९ सालीं दोन्ही ग्रंथ रामकृष्ण तुळजाराम व्यास यांच्या संपादनानें गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापून निघाले. जुन्या मराठी गद्याचा एक नमुना सुगंधाच्या प्रकरणांत सांपडावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीं अजून पुरेशी मनावर घेतलेली नाहीं असें आमचें मत आहे.

आतां या विद्येचें स्वरूप काय? गंगाधर सहा क्रिया सांगतो: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन. द्रव्य भिजवावें, शिजवावें, दुसऱ्या द्रव्याच्या योगानें त्याचा वास जागा करावा व तीव्र करावा, धुरी द्यावी, फुलांत ठेवून वास लावावा, असा त्यांचा सामान्य अर्थ. पाचनाचे पुटपाक, गर्तपाक, वेणुपाक, दोलापाक असे पोटभेद आहेत. मानसोल्लासांतील स्नानाचें तेल काढण्याची रीतहि याच वळणाची आहे. केवडा, पुन्नाग, चांफा अशा फुलांत तीळ ठेवून त्यांना वास लावावयाचा व मग ते घाण्यांत गाळावयाचे. वनस्पतीची वाफ करून, ती दुसऱ्या भांड्यांत निववून, पाण्यावर तरंगणारें तेल वेगळें काढणें ही क्रिया या सहांपैकीं कोणतीहि नव्हे. रसशास्त्राला तिर्यक्पातनयंत्र ठाऊक होतें, हें खरें. पण त्याचा मुख्य उपयोग पारा शुद्ध करण्याकडे. देवळाच्या नित्य उपचारास तर एवढीहि खटपट लागत नाहीं. नृसिंहवाडीच्या पादुकांसाठीं काय, किंवा शिरोळांतील भोजनपात्राच्या स्थानीं काय, सहाण, खोड आणि पाणी एवढ्यावर गंध तयार होतें.

उलट अत्तराच्या भट्टीचा शब्दसंग्रह पाहावा. डेग फारसी, अर्क व अत्तर अरबी, गुलाब पुन्हां फारसी. भपका हा शब्द तेवढा बाष्पावरून आलेला देशी. जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत लिहितो कीं, इ. स. १६१२ च्या सुमारास नूरजहानच्या आईनें गुलाबपाणी काढतांना भांड्यावर जमलेला तवंग वेगळा करून गुलाबाचें अत्तर निर्माण केलें. हा शोध तिचाच कीं जुन्याचीच नवी बोळवण, या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. तवंग काढण्याची ती कृति मात्र वाचकांनीं लक्षांत ठेवावी. ती पुढें खानदेशच्या नाल्यांत भेटणार आहे.

रोशाला जुनें नांव रोहिष किंवा रौहिष. अमरकोशांत तें कत्तृणाच्या पर्यायांत आलें असून निघंटूंतून त्याचे औषधी गुण सांगितले आहेत. मराठी रोशा व हिंदी रूसा हीं त्याच शब्दाचीं झिजलेलीं रूपें होत. म्हणजे शास्त्राला गवत माहीत होतें. युरोपीय वनस्पतिशास्त्रांत तें शिरलें त्याची हकीकत आपल्या इतिहासाला अगदीं लागून आहे. टिपूवरील तिसऱ्या युद्धांत (इ. स. १७९० ते १७९२) कॉर्नवॉलिसच्या छावणींत क्लॉड मार्टिन हा लखनौचा फ्रेंच सरदार होता. त्यानें घाटावरच्या बालाघाट मुलखांत हें उंच सुवासिक गवत पाहिलें. जनावरें तें फार आवडीनें खातात व त्याचा वास मांसाला, दुधातुपालाहि लागतो, असें त्याच्या नजरेस आलें. त्यानें बीं आणून लखनौस पेरलें व वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याच्याकडे पाठविलें. रॉक्सबर्गनें त्याच्याच नांवावरून गवतास मार्टिनी हें नांव दिलें व तें अद्याप चालत आहे. याच मोहिमेंत १७९१ सालीं हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या होत्या. शिरोळ करवीरकरांचें असलें तरी त्याच्या शेजारीं कुरुंदवाड-मिरजेकडे पटवर्धनांचीच सत्ता. तेव्हां या भागांतील कित्येक स्वार तेंच गवत तुडवीत गेले असले पाहिजेत. पण लष्करी पत्रांतून गवत येतें तें वैरण म्हणून.

आतां प्रत्यक्ष धंद्याकडे वळूं, आणि त्यासाठीं कृष्णाकांठ सोडून तापीच्या खोऱ्यांत गेलें पाहिजे; कारण रोशाच्या तेलाचें मोठें ठाणें तेथें होतें. १८८० सालच्या खानदेश गॅझेटिअरांत याचें वर्णन आहे. पिंपळनेरच्या बाजूस एके काळीं हें गवत इतकें माजलें होतें कीं, गांवालगतची जागा सोडली तर दुसरा चारा दिसत नाहीं अशी प्रवाशांची तक्रार असे. पुढें तें नंदुरबार, शहादें, तळोदें व अक्राणीच्या डोंगराळ भागांत मुख्यतः उरलें. गवतास फुलोरा आला, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस, कीं भट्ट्या लागत. भट्टीला जागा हवी ती वाहत्या ओढ्याची. कांठावर ओबडधोबड चूल, तिच्यावर लोखंडी कढई, कढईंत चिरलेलें गवत व पाणी, वर लांकडी झांकण, आणि झांकणाची फट बुजविण्यास उडदाच्या पिठाचें लुकण. झांकणांतून एक पोकळ कळक निघे. त्यावर दोरी गुंडाळलेली असे. त्याचें दुसरें टोंक वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवलेल्या दुसऱ्या बंद भांड्यांत शिरे. वाफ त्यांत निवली कीं पाण्यावर तेल तरंगे, तें पळीनें काढून घ्यावयाचें.

भट्टी लावणारे लोक बहुधा गरीब मुसलमान असत. माल कातडी बुधल्यांत भरून बैलांवर लादीत. कोंडाईबारीच्या घाटानें तो सुरतेस उतरे किंवा थळघाटानें मुंबईस जाई. ताज्या गवताच्या शंभर शेरांस तेल निघे तें अर्ध्या शेराच्या आंतबाहेर; यावरून एका बुधल्यामागें किती डोंगर कापला जात असेल याची कल्पना करावी. गॅझेटिअराच्या काळीं खानदेशांत अशा भट्ट्या दोनशेंच्या सुमारास होत्या.

ही रचना कनोजच्या डेग-भपक्याची खेडवळ बहीण आहे. तेथें तांब्याचें डेग व भपका, येथें लोखंडी कढई. पण दोरी गुंडाळलेला कळक, पाण्यांत निवणारें ग्राहक भांडें व तवंग काढण्याची रीत तीच. यंत्राचें हें साम्य, वर दाखविलेले शब्द आणि भट्टीवाल्यांची जमात, या तिन्हींवरून आम्हांस असें वाटतें कीं, रोशाच्या तेलाची कृति गंधशास्त्राच्या पोथींतून खानदेशांत उतरलेली नाहीं. ती अत्तरवाल्यांच्या हातांतून आली. निघंटूनें गवताला नांव दिलें, तेल दिलें तें भट्टीनें.

हें तेल येथें सांधेदुखीवर चोळीत. पण मुंबईच्या व्यापाऱ्यांस त्याची किंमत निराळ्याच कारणानें होती. माल तांबड्या समुद्रावरील बंदरांत जाई व तेथून कॉन्स्टँटिनोपलला पोंचे. तुर्कांमध्यें त्याला इद्रिस यागी म्हणत. त्या वेळीं गुलाबाचें उत्तम अत्तर तुर्की साम्राज्यांतील, म्हणजे आजच्या बल्गेरियांतील, कझानलिकचें. त्यांत भेसळ करण्यासाठीं खानदेशचें तेल लागे. आधीं तें लिंबाच्या रसाच्या पाण्यांत घुसळून उन्हांत ठेवीत. मग त्याचा उग्रपणा मोडे व रंग फिका पिवळा होई. असें तयार केलेलें तेल कोणी गुलाबाच्या अत्तरांत मिसळीत, कोणी भट्टी लावण्यापूर्वीं पाकळ्यांवरच शिंपडीत. खरें गुलाबाचें अत्तर थंडीनें गोठतें, रोशाचें गोठत नाहीं. म्हणून गिऱ्हाईक बाटली गार करून पाही. त्यावर उपाय म्हणून देवमाशाच्या डोक्यांतील मेण त्यांत घालण्याची युक्ति निघाली! चोराची विद्या परीक्षकाच्या एक पाऊल पुढें असते.

भेसळ इतकी बेमालूम कां होत होती, याचा उलगडा रसायनशास्त्रानें केला. युरोपच्या बाजारांत हें तेल जिरेनियमचें तेल या खोट्या नांवानें चालत असे. जिरेनियमच्या झाडाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. १८७१ सालीं ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनज्ञानें या भारतीय तेलांतून त्याचा मुख्य घटक वेगळा काढला व बाजारी नांवावरून त्यास जिरेनिऑल म्हटलें. रोशाच्या चांगल्या तेलांत हा घटक शेंकडा ७५ ते ९० असतो आणि गुलाबाच्या अत्तरांतहि तो एक प्रमुख अंश आहे. म्हणजे भेसळ करणारे वासाच्या दृष्टीनें फारसें खोटें बोलत नव्हते. खरा अन्याय झाला तो नांवाचा. आज जगभर साबणाच्या व अत्तराच्या कारखान्यांत जो शब्द रोज उच्चारला जातो, तो मूळ आपल्या डोंगरांतील गवताच्या तेलावरून पडला. पण त्यांत ना रोशा आहे, ना रोहिष.

गवताच्या दोन जाती भट्टीवाले पूर्वीपासून ओळखीत: मोतिया आणि सोफिया. मोतिया उघड्या कोरड्या उतारावर येतो व त्याचें तेल गुलाबाच्या जवळचें. सोफिया दमट जागीं व झाडींत येतो व त्याचें तेल हलकें. शास्त्रज्ञांत हा भेद नीट मांडला बर्किल यानें, १९०९ सालीं. तोंपर्यंत पुस्तकांत दोन्हींचा गोंधळ चाललेला होता.

आतां मुख्य मुद्दा. या धंद्याविषयीं वर जें सांगितलें तें इंग्रज अधिकारी, डॉक्टर व युरोपीय रसायनज्ञ यांनीं नोंदविलेलें आहे. पण ज्या धंद्यानें भट्टीवाला, बैल लादणारा, सुरतेचा सावकार व मुंबईचा अडत्या यांना एका सुतांत ओंविलें, त्यानें कागद निर्माण केले नाहींत असें कसें म्हणावें? भट्टीवाला निरक्षर असेल, सावकार नव्हता. मात्र असे कागद संग्रहास येत नाहींत, कारण ते कोणी मागत नाहीं. पोथी म्हटली कीं संग्राहक रेशमी रुमाल पुढें करतो. जमाखर्चाची वही म्हटली कीं ती वाण्याच्या पुड्यांस जाते. गंधवादाची प्रत वांचली याचें श्रेय गोड्यांइतकेंच ती पूर्वीं जपणाऱ्यांना आहे. वह्यांना असा कैवारी अजून भेटावयाचा आहे.

तेव्हां ज्या वाचकांच्या हातीं खानदेशांतील पेढ्यांच्या वह्या, सुरतेच्या वाटेवरील जकातीचे कागद किंवा अत्तरवाल्यांचीं हिशेबपत्रें येतील, त्यांनीं रोशा, रोसा, रुसा, रोहिस हे शब्द जरूर पाहावेत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसल्यामुळें रुसा व रूसा एकच समजावा. माल शेरांत लिहिला आहे कीं बुधल्यांत, हें टिपून घ्यावें. बुधल्याचें वजन ठरल्याशिवाय इंग्रजी आंकड्यांशीं मेळ बसणार नाहीं. दक्षिणेकडे नृसिंहवाडीच्या पुजाऱ्यांच्या किंवा कुरुंदवाडकरांच्या दप्तरांतील खर्चाच्या बाबी पाहतांना अत्तर-गुलाबाच्या सदराखालीं दर कोणते पडले आहेत तें वर्षवार उतरून काढावें. गुलाबाच्या अत्तराचा दर एखाद्या वर्षीं एकाएकीं उतरलेला दिसला, तर तें अत्तर गुलाबाचें किती व खानदेशच्या गवताचें किती, हा प्रश्न त्या वर्षापासून विचारण्यास आरंभ करतां येईल.