कौटिल्याच्या नागरिक-प्रकरणांतील अग्निप्रतीकार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील 36 व्या अध्यायांत नगराचा अधिकारी जो नागरिक त्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. उन्हाळ्यांत आगीपासून घरांचें रक्षण कसें करावें याविषयींचे नियम त्याच अध्यायांत येतात. षाड्गुण्य, मंडल, गूढपुरुष या विषयांवर ग्रंथामागून ग्रंथ झाले. पांच घट आणि एक शिडी यांकडे मात्र जावें तितकें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आमच्या मतें प्राचीन नगरांतील सामान्य गृहस्थ कसा राहत होता, हें कळण्यास या चार-दोन ओळी मंडल-सिद्धांताहून अधिक उपयोगी आहेत.

नियम येणेंप्रमाणें. उन्हाळ्यांत दिवसाचे चार भाग करून मधल्या दोन भागांत कोणीं विस्तव पेटवूं नये. पेटविल्यास अष्टमांश पण दंड. स्वयंपाक करावयाचाच तर घराबाहेर करावा. प्रत्येक घरीं पांच घट, कुंभ, द्रोणी, शिडी, परशु, सूप, अंकुश, कचग्रहणी व चामड्याची पखाल हीं साधनें असावींत. नसल्यास पाव पण दंड. गवताचीं व चटयांचीं छपरें काढून टाकावींत. लोहारादि जे विस्तवावर पोट भरतात त्यांस एके ठिकाणीं वसवावें. घरधन्यानें रात्रीं आपल्याच दारापाशीं असावें. रस्त्यांवर, चव्हाट्यांवर, वेशींपाशीं व राजाच्या इमारतींपाशीं पाण्याचीं भांडीं हजारांनीं ओळीनें मांडून ठेवावींत.

या यादींतील कचग्रहणी हा शब्द घोटाळ्याचा आहे. शामशास्त्री यांनीं आपल्या इंग्रजी भाषांतरांत तो चिमट्यासारख्या साधनाचा वाचक मानला. परंतु कच म्हणजे केस; आणि पेटलेल्या छपराचा पेंढा केसांप्रमाणें धरून खालीं ओढणारी आकडी हा अर्थ प्रसंगास अधिक जुळतो. शिडीनें वर चढावें, परशूनें वासे तोडावे, आकडीनें पेंढा ओढावा, मग पाणी ओतावें, असा कामाचा क्रमच त्या यादींतून उभा राहतो. जळणारें विझविण्यापेक्षां जळण्याजोगें दूर करण्यावर तींत अधिक भर आहे, हेंही ध्यानांत घ्यावें.

चौथ्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत आठ दैवी महाभयें गणलीं आहेत व त्यांत अग्नि पहिला आहे. तेथें खेडुतांनींही उन्हाळ्यांत बाहेर रांधावें, किंवा ‘दशमूली’च्या संग्रहासह रांधावें, असें सांगितलें आहे. दशमूली म्हणजे दहा साधनें असा अर्थ करितात. आतां नागरिक-प्रकरणांतील यादी मोजून पाहिली तर पांच घट मिळून एक धरल्यास नऊच वस्तु भरतात. घट निरनिराळे धरल्यास तेरा. दहाचा मेळ बसत नाहीं. यादींतून एखादा शब्द गळला असेल, किंवा दशमूलीची यादी निराळीच असेल. आमचा कल पहिल्या तर्काकडे आहे, पण पोथीच्या आधारावांचून तो तर्कच होय.

दंडाचें प्रमाण पाहण्याजोगें आहे. साधनें न ठेवल्याचा दंड पाव पण. पण आग लागली असतां जो घरधनी धांवून जात नाहीं त्यास 12 पण, आणि भाडेकऱ्यास 6 पण. निष्काळजीपणानें आग लागल्यास 54 पण. जाणूनबुजून लावणाऱ्यास अग्नींतच मरण. पांचव्या अधिकरणांत राजसेवेंतील हलक्या चाकरांचें वेतन 60 पण सांगितलें आहे. तें वार्षिक धरलें तर निष्काळजी मनुष्य जवळजवळ वर्षाच्या मिळकतीस मुकत असे. शेजाऱ्याच्या आगीस न धांवणें हा साधनें न ठेवण्याच्या अठ्ठेचाळीस पट अपराध ठरतो. भाडेकऱ्यास अर्धा दंड कां, याचें कारण ग्रंथकार देत नाहीं. घर ज्याचें त्याचें दायित्व अधिक, हा न्याय उघड आहे.

हे नियम प्रत्यक्षांत पाळले जात कीं केवळ ग्रंथांतच होते? ग्रंथाच्या काळाविषयीं वाद आहे. कित्येक तो मौर्यकालीन मानितात, तर ट्राउटमन (1971) व ऑलिव्हेल (2013) प्रभृति त्यांतील बराच भाग नंतरचा व अनेक हातांचा समजतात. तथापि नियमांमागील भय खरें होतें. नदीकांठचीं नगरें लांकडाचीं बांधितात असें मेगास्थेनीसच्या आधारें आरियन सांगतो. पाटलिपुत्रास 570 बुरूज व 64 दरवाजे असल्याचें तोच नमूद करितो. बुलंदीबाग येथें त्या लांकडी तटाचे अवशेष निघाले आहेत. महापरिनिब्बान सुत्तांत या नगरास अग्नि, जल व आपसांतील फूट हीं तीन भयें सांगितलीं आहेत. कुम्हरार येथें स्पूनर यांनीं 1912-13 सालीं, मुंबईच्या सर रतन टाटा यांच्या द्रव्यसाहाय्यानें, खोदकाम केलें तेव्हां स्तंभांच्या सभागृहावर राखेचा थर आढळला. 1951 ते 1955 च्या उत्खननांत डॉ. अनंत सदाशिव अळतेकर व विजयकांत मिश्र यांसही दाहाचा पुरावा मिळाला.

एक मौज सांगितली पाहिजे. राजवाड्याच्या रक्षणासाठीं पहिल्या अधिकरणांत ग्रंथकार विजेनें जळालेल्या वस्तूची राख व माती गारांच्या पाण्यांत कालवून भिंतीस लेप देण्याचा उपाय सांगतो. नगरवासीयास मात्र घट, शिडी आणि परशु. आम्हांस नगरवासीयाचा उपाय बरा वाटतो.

पुण्याचा शनिवारवाडा फेब्रुवारी 1828 मध्यें पेटला तो सात दिवस जळत होता असें सांगतात; तट, दरवाजे व चौथरे राहिले, लांकडी मजले गेले. महाराष्ट्राच्या 2006 च्या आगप्रतिबंधक कायद्यानें साधनें सज्ज ठेवण्याचा भार मालक व भोगवटादार यांवर घातला असून जानेवारी व जुलै अशीं वर्षांतून दोन प्रमाणपत्रें द्यावीं लागतात. घरधनी व अवक्रयी ही जोडी तेथेंही भेटते.

अर्थशास्त्राची जी पोथी तंजावराकडील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिली व जीवरून 1909 सालीं पहिली आवृत्ति निघाली, ती ताडपत्रावरील होती. पाटणच्या जैन भांडारांतील अपूर्ण ताडपत्र-प्रतीचा उपयोग प्रा. र. पं. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठाच्या 1960 च्या आवृत्तींत केला. इतक्या थोड्या आधारावर हा ग्रंथ आपणांपर्यंत आला आहे. आणि आपल्यापैकीं अनेकांचे संग्रह अद्याप माडीवर, लांकडी कपाटांत, विजेच्या जुन्या तारांखालीं आहेत. वाड्यांच्या जिन्नसवार याद्या ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं त्यांत पखाल, आकडी, शिडी असे जिन्नस आगीच्या कामीं म्हणून नोंदलेले आहेत काय हें पाहावें, व आढळल्यास त्या नोंदीची नक्कल मंडळाकडे पाठवावी.