उशीर सोसणारे भात

डहाणू-तलासरीत भाताच्या बियाण्याची पहिली विचारपूस मुदतीची असते: हळवे, निमगरवे की गरवे? हळवे चार महिन्यांच्या आत पिकते, म्हणून ते पाणी लवकर ओसरणाऱ्या उंचवट्याच्या जमिनीत जाते. गरवे पाच महिन्यांच्या घरात जाते. त्याला ओल धरणारे खोलगट खाचर लागते.

पण जुने गरवे नुसते दिवस मोजत नाही, ते दिवसाची लांबी ओळखते. डहाणूला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. सप्टेंबरअखेर तो बारा तासांवर येतो. हा आखडणारा दिवस पान ओळखते आणि शेंड्याला फुलोऱ्याचा निरोप धाडते. पानातून शेंड्याकडे जाणारे असे संप्रेरक असले पाहिजे, असे मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडले आणि त्याला 'फ्लोरिजेन' म्हटले. ते हाती लागायला कित्येक दशके गेली. भातात ते 'एचडी३ए' या जनुकापासून बनणारे प्रथिन आहे, हे जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. दिवस मोठा असतो तोवर 'एचडी१' हे दुसरे जनुक त्याला दाबून ठेवते. दिवस लहान झाला की तेच त्याला चालना देते.

आता वेठीकडे पाहू. ऐन पावसात, लावणीच्या (इकडच्या आवणीच्या) दिवसांत वारल्याला आधी जमीनदाराच्या शेतात राबावे लागे, तेही फुकट. लग्नाच्या कर्जापायी बांधला गेलेला लग्नगडी तर वर्षानुवर्षे सुटत नसे. स्वतःच्या खाचराची पाळी शेवटी. अशा माणसाला दिवस ओळखणारे बी सोयीचे होते, असा माझा तर्क आहे. लावणी पंधरा दिवस लांबली तरी गरवे जवळपास नेहमीच्याच सुमारास निसवते. फुटवे कमी येतात, लोंबी लहान राहते, पण हाती काहीतरी लागते. वेठीचा इतिहास लिहिताना आपण मजुरीचे आणे मोजले; बियाणे पाहिले नाही.

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. वारल्याला लावणीचा दिवस स्वतः ठरवता येऊ लागला, तो त्यानंतर.

पुढे तायचुंग नेटिव्ह-१ आणि १९६६ चे आयआर-८ आले. बुटकेपणामुळे गरवे मागे पडले असे सर्रास म्हटले जाते, ते अर्धवट आहे. या जातींतले 'एसडी१' जनुक सदोष असते. त्यामुळे जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी बनते आणि ताट बुटके राहते. २००२ मध्ये हे उलगडले. दिवसाच्या लांबीकडे दुर्लक्ष करण्याचा गुण मात्र वेगळ्या जनुकांचा. वर्षात दोन पिके निघावीत म्हणून पैदासकारांनी तोही निवडून घेतला.

अशा बियाण्याला उशीर सोसत नाही. रोप राबात अडकून पडले तर फुटवे कमी येतात; पेरणीच लांबली तर फुलोराही तितकाच मागे सरकतो, आणि तोवर पाऊस परतलेला असतो.